तुकडे जोडताना काय पुसले जाते? : डिफ्रॅग, नंदुरबार आणि माळ्यावरच्या हार्ड डिस्क

१/२०
२५ जून १९९८ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ९८’ बाजारात आणले. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ जुलै १९९८ रोजी, धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु त्यांचे वय एक आहे. जिल्ह्याच्या पहिल्या दशकातील कौटुंबिक छायाचित्रे, पत्रे, अर्ज आणि ध्वनिमुद्रणे ज्या यंत्रांत साठत गेली, ती यंत्रे आता माळ्यावर धूळ खात आहेत. ती पुन्हा सुरू करणारा हात सवयीने एक काम करतो : डिफ्रॅग. हा धागा त्या सवयीचा इतिहास सांगतो आणि तिच्याविरुद्ध एक भूमिका मांडतो.

२/२०
विंडोज ९८ वापरलेल्या पिढीला तो पडदा आठवत असेल. ‘तपशील दाखवा’ हे बटण दाबले की रंगीत चौकोनांची मोठी जाळी उघडे. एकेक चौकोन उचलला जाई, दुसरीकडे ठेवला जाई, आणि तासाभराने विस्कटलेली जाळी शिस्तबद्ध रांगांत बसे. सामान्य माणसाला यंत्राच्या पोटातील काम डोळ्यांनी दिसण्याचा तो दुर्मीळ प्रसंग होता. त्यामुळेच ‘संगणक मंद झाला की डिफ्रॅग करावे’ हा उपाय घराघरांत एखाद्या काढ्यासारखा रुजला.

३/२०
उपाय कशावर होता, हे समजण्यासाठी हार्ड डिस्कची रचना पाहावी लागते. आत चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेते. तिच्यावरून एक बारीक वाचक-टोक आतबाहेर सरकते. माहिती लागोपाठ लिहिलेली असेल, तर टोक जागेवर राहते आणि तबकडी फिरता फिरता सारे वाचून होते. तीच माहिती दहा ठिकाणी विखुरलेली असेल, तर टोकाला दहा वेळा धावावे लागते, आणि प्रत्येक वेळी हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबावे लागते.

४/२०
साधा हिशेब असा. ५४०० फेऱ्यांच्या तबकडीला एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. सरासरी अर्धी फेरी वाट पाहावी लागते, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिसेकंद. टोक सरकण्यास आणखी दहाएक मिलिसेकंद धरले, तर एका उडीची किंमत सुमारे १५ मिलिसेकंद होते. ४०० तुकड्यांत विखुरलेली फाइल वाचताना निव्वळ धावाधावीत सहा सेकंद जातात. घरातल्या माणसाला ‘पीसी हँग होतो’ असे वाटे, त्यामागे अनेकदा ही धावाधाव असे.

५/२०
माहिती विखुरतेच का? याचे उत्तर १९७७ सालात आहे. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी ‘फाइल ॲलोकेशन टेबल’, म्हणजे फॅट, ही पद्धत उभी केली. पुढे ती डॉसमध्ये आणि विंडोज ९८ पर्यंत टिकली. लपवलेल्या चिठ्ठ्यांच्या खेळात प्रत्येक चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता असतो, तशीच ही योजना. फाइलचा पहिला तुकडा कोठे आहे हे नावाशेजारी लिहिलेले असते. पुढचा प्रत्येक पत्ता तक्त्यात मिळतो. नवी फाइल आली की जिथे रिकामी जागा दिसेल तिथे तिचे तुकडे कोंबले जातात. जुन्या फाइली पुसल्या जातात, मधे मधे खिंडारे पडतात, आणि पुढची फाइल त्या खिंडारांत विभागली जाते.

६/२०
यावरचा उपाय प्रथम स्वतंत्र विक्रेत्यांनी आणला. पीटर नॉर्टन यांच्या उपयुक्त प्रणालींच्या संचातील ‘स्पीड डिस्क’ हे त्यांपैकी प्रसिद्ध नाव. १९९० मध्ये नॉर्टन यांची कंपनी सिमँटेकने घेतली, आणि १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६.० मध्ये मायक्रोसॉफ्टने सिमँटेककडूनच परवाना घेऊन ‘डिफ्रॅग’ समाविष्ट केले. म्हणजे ज्या पद्धतीने तुकडे पाडले, तिच्या मालकाने तुकडे जोडण्याचे साधन तब्बल सोळा वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याकडून घेऊन, ग्राहकाच्या हाती दिले.

७/२०
विंडोज ९८ ने एक पाऊल पुढे टाकले. कोणता कार्यक्रम किती वेळा उघडला जातो याची नोंद ते ठेवी आणि त्यानुसार त्या कार्यक्रमाच्या फाइली जवळजवळ मांडी. मात्र काम सुरू असताना डिस्कवर कोणी एक अक्षर जरी लिहिले, तरी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. म्हणून लोक स्क्रीनसेव्हर बंद करत, सारे कार्यक्रम मिटवत आणि रात्रभर यंत्र चालू ठेवून झोपी जात.

८/२०
रात्रभर यंत्र चालू ठेवणे शहरात सोपे होते. ग्रामीण महाराष्ट्राने २००५ नंतरची काही वर्षे दीर्घ भारनियमनात काढली. तुकडा हलवणे आणि तक्त्यातील पत्ता बदलणे या दोन कृतींच्या मधेच वीज गेली, तर फॅट पद्धतीत पत्त्यांची साखळी तुटण्याचा धोका असे. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना स्कॅनडिस्कचा निळा पडदा येई, आणि निराधार झालेले तुकडे ‘फाइल००००.सीएचके’ अशा नावांनी जमा केले जात. बहुतेकांनी त्या फाइली कचरा समजून पुसल्या. वास्तविक त्या कोणाच्या तरी पत्राचा किंवा छायाचित्राचा उरलेला अंश होत्या.

९/२०
पुढचा इतिहास डिफ्रॅग दृष्टीआड होण्याचा आहे. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही अधिक भक्कम पद्धत आली. तुकडे तिच्यातही पडतच राहिले. एक्सपीमध्ये चौकोनांच्या जागी निळ्या-तांबड्या पट्ट्या आल्या. २००७ च्या व्हिस्टामध्ये चित्रच नाहीसे झाले आणि हे काम आठवड्यातून एकदा, मध्यरात्रीनंतर, आपोआप होऊ लागले. वापरणाऱ्याने न सांगता, न पाहता डिस्कची मांडणी बदलू लागली. सोय झाली, हे खरेच. परंतु यंत्राच्या पोटात काय हलते आहे हे माणसाला दिसेनासे झाले.

१०/२०
विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची कल्पना संगणकाने शोधलेली नाही. आजच्या नंदुरबारचा प्रदेश पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता, तेव्हा, १९४७ साली, मुंबई प्रांताने शेतजमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि त्यांचे एकत्रीकरण करणारा कायदा केला. लोकभाषेत तो ‘तुकडेबंदी’. वाटण्या होत होत एका कुटुंबाची जमीन चार दिशांना विखुरते; बैल, अवजारे आणि माणसे यांची सारी शक्ती बांधावरून बांधावर जाण्यात खर्च होते. वाचक-टोकाची धावाधाव आणि शेतकऱ्याची धावाधाव यांत तत्त्वतः फरक नाही.

११/२०
फरक पुढे आहे, आणि या धाग्याचा मुख्य मुद्दा तोच. ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेथे जुन्या सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. परंतु कोणता जुना क्रमांक कोणत्या गटात गेला, याची सांगड घालणारे कागदही तयार झाले. आजोबांच्या नावाचा जुना उतारा हाती असलेला नातू त्या कागदांच्या आधारे आजच्या गटापर्यंत पोहोचतो. महसुली एकत्रीकरणात चुका झाल्या, त्यांवरून तंटेही झाले. तरी मागे जाण्याची वाट कागदावर उरली. डिफ्रॅग अशी वाट ठेवत नाही. नवा तक्ता लिहिला जातो आणि आधीची मांडणी कायमची नाहीशी होते.

१२/२०
मांडणी गेली तर काय बिघडते? उत्तर ‘पुसणे’ या क्रियेत आहे. फॅट पद्धतीत फाइल पुसली की तिच्या नावाचे पहिले अक्षर खुणेने बदलते आणि तक्त्यातील पत्ते रिकामे होतात; मजकूर मात्र तबकडीवर जसाच्या तसा असतो. ती जागा ‘रिकामी’ समजून दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो वाचवता येतो. डिफ्रॅगचे काम म्हणजे या रिकाम्या जागांत चालू फाइलींचे तुकडे आणून भरणे. चालू फाइलींना तो हात लावत नाही, त्यांच्या तारखाही बदलत नाही; परंतु चुकून पुसलेल्या फाइलींच्या अवशेषांवर तो नांगर फिरवतो.

१३/२०
न्याय दोन्ही बाजूंनी व्हावा. पुसताना पत्त्यांची साखळी नष्ट होत असल्याने फाइल परत आणणारी साधने बहुधा ‘तुकडे सलग असावेत’ असे गृहीत धरतात. म्हणून ज्या डिस्कवर नियमित डिफ्रॅग होत असे, तिच्यावर नंतर पुसली गेलेली फाइल पूर्ण मिळण्याची शक्यता जास्त. पुसण्याआधीचे डिफ्रॅग उपकारक, पुसल्यानंतरचे संहारक. काम एकच, केव्हा केले, यावर सारे अवलंबून. माळ्यावरून काढलेल्या डिस्कच्या बाबतीत पुसणे केव्हाच होऊन गेलेले असते. तेथे डिफ्रॅगला उपकार करण्याची संधी उरलेली नसते.

१४/२०
नव्या यंत्रांत हा प्रश्नच संपला आहे, आणि त्यामुळे जुन्या डिस्कचे मोल वाढले आहे. एसएसडीमध्ये तबकडी नाही, टोक नाही, धावाधाव नाही. तुकडे विखुरले तरी वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही, आणि वारंवार लिहिण्याने तिचे आयुष्य मात्र घटते. २००९ च्या विंडोज ७ पासून ‘ट्रिम’ ही आज्ञा आली : पुसलेली जागा रिकामी झाल्याचे डिस्कला कळवले जाते, आणि ती जागा आतूनच साफ केली जाते. नवे यंत्र पुसलेले लगेच विसरते. पुसलेलेही दीर्घकाळ सांभाळणारे शेवटचे घरगुती साधन म्हणजे फिरत्या तबकडीची ती जुनी डिस्क.

१५/२०
नंदुरबारसाठी हे विशेष महत्त्वाचे का? सरदार सरोवरामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली. १९९० च्या दशकात मणिबेलीपासून पाणी चढू लागले. जी घरे, शेते आणि देवस्थाने आज पाण्याखाली आहेत, त्यांची चित्रे पुन्हा घेता येणार नाहीत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे बालसाथी गोळीबारात हुतात्मा झाले. तो दिवस पाहिलेली मुले २००० साली सत्तरीच्या आसपास होती. त्यांचे बोलणे कोणी नोंदवले असेल, तर ती नोंद एखाद्या घरगुती संगणकावर असू शकते. भिली, पावरी, मावची, कोकणी या बोलींतील लग्नगीते आणि कथा पुस्तकांत फार थोड्या आल्या. २००० नंतर मुद्रणाचे साधन घरात आले, तेव्हा त्यांना पहिली जागा कदाचित अशाच डिस्कवर मिळाली.

१६/२०
यावर उत्तर येते : ‘हव्या त्या फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात, मग डिस्कचे काहीही होवो.’ मराठी मजकुराच्या बाबतीत ते पुरेसे नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी लेखन श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा परस्परांशी न जुळणाऱ्या फाँटांत होत असे. फाइल आली आणि फाँट राहून गेला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि तो पाहून पुढचा माणूस ‘फाइल खराब आहे’ म्हणून ती पुसतो. फाँटची फाइल डिस्कच्या दुसऱ्याच कोपऱ्यात असते. निवडून घेतलेली प्रत आणि संपूर्ण प्रत यांत हा फरक पडतो.

१७/२०
इतिहासाच्या अभ्यासकांना हे तत्त्व नवे नाही. १८९८ मध्ये तीन डच अभिलेखपालांनी अभिलेखांच्या मांडणीचे एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. कागदांचा मूळ क्रम मोडू नये, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी वि. का. राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड बाहेर पडला. घरोघरची दप्तरे शोधत फिरलेले राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निवर्तले आणि १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. नंदुरबार तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. कोणत्या रुमालात कोणत्या कागदाशेजारी कोणता कागद होता, यावरून तारीख नसलेल्या पत्राचा काळ ठरतो. रुमाल सोडून कागद आकारानुसार नीटनेटके रचणारा माणूस आळशी नसतो. तो कष्ट करून पुरावा नष्ट करतो.

१८/२०
एक आक्षेप मात्र रास्त आहे. प्रत्येक घरातील संगणक अभिलेखागार नसतो. ज्या घरात नवे यंत्र घेणे परवडत नाही आणि मुलाचा अभ्यास त्या जुन्या संगणकावरच चालतो, तेथे वेग ही चैनीची गोष्ट नसते. अशा चालत्या यंत्रात फिरती तबकडी असेल, तर डिफ्रॅग आजही योग्य आणि फुकटचा उपाय आहे. त्यापासून कोणी कोणास परावृत्त करू नये. आग्रह इतकाच की वर्षानुवर्षे बंद पडलेली डिस्क ही चालते यंत्र नसून दप्तर आहे, आणि दप्तराला वेगाची गरज नसते. शिवाय जीर्ण डिस्कवर तासन्‌तास वाचन-लेखन लादणे म्हणजे तिचे उरलेले श्वास आवराआवरीत खर्च करणे होय.

१९/२०
मग क्रम कसा असावा? जुन्या संगणकावर विंडोज सुरू करण्याचा मोह टाळावा. विंडोज सुरू होताक्षणी डिस्कवर लिहू लागते. डिस्क काढून, योग्य जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी आणि तिच्यावर लेखन होऊ न देता तिची पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत प्रत, म्हणजे डिस्क इमेज, घ्यावी. लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन चांगले भाग आधी वाचते आणि खराब भागांकडे नंतर वळते. प्रतीची आणखी एक प्रत दुसऱ्या घरात ठेवावी. डिस्क कोणाच्या घरातील, कोणत्या वर्षापर्यंत वापरात होती, हे कागदावर लिहावे. शोध, दुरुस्ती, फाँटांची जुळवाजुळव हे सारे प्रतीवर. आणि त्यात ज्यांचे खासगी जीवन आहे त्यांच्या संमतीवाचून काहीही प्रसिद्ध करू नये.

२०/२०
२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिले गेले. भारताच्या डिजिटल इतिहासात नंदुरबारचे नाव त्यामुळे नोंदले गेले, आणि ती नोंद शासन जपेल. त्याच वर्षांत त्याच जिल्ह्यातील माणसांनी स्वतः लिहिलेले, टिपलेले, गायलेले जे काही घरातील यंत्रांत उतरले, ते जपणारे खाते कोठेही नाही. ती जबाबदारी इतिहासाची आवड असलेल्या तरुणांवर येते, आणि तिला फार काळ उरलेला नाही. डिस्क भंगारात वजनावर विकल्या जात आहेत. माळ्यावरची डिस्क हाती आली, तर ती आधी जशी आहे तशी उतरवून घ्यावी. आवराआवर नंतर, आणि तीही प्रतीवर.
(धागा समाप्त)